डाव्या डोळ्याची जागा

फोटोत तसं काही विशेष नव्हतं. लेकीनं, बुशरानं, तो सकाळी दौंडहून पाठवला होता; मांडीवर आडवं घेतलेलं बाळ, डोक्याला पिवळं टोपडं, कपाळाच्या कडेला काजळाची तीट, आणि खाली लिहिलेलं, ‘नानीला सलाम’. हसीनानं तो पाहिला तेव्हा साडेअकरा होत आले होते. ॲनिमल हाऊसमध्ये मोबाईल नेऊ देत नसत, म्हणून तो बाहेरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवावा लागे आणि चहाच्या सुट्टीत निळा अंगरखा, टोपी, हातमोजे उतरवून ती तिथल्या बाकावर बसून तो उघडायची. तिनं नातीचा फोटो पाहिला, हसली, मोबाईल पालथा ठेवून चहाचा घोट घेतला आणि घोट घशात असतानाच तिला काहीतरी टोचलं. काय टोचलं ते कळेना. तिनं फोटो पुन्हा उघडला आणि दोन बोटांनी ताणून मोठा केला. फ्लॅश मारला की फोटोत डोळे लाल येतात हे तिला ठाऊक होतं. लग्नाच्या अल्बममध्ये तिचे आणि अकबरचे दोघांचेही डोळे तसेच आले होते. बाळाचा उजवा डोळा लाल होता. डावा पांढरा होता. ताक ओतून घेतल्यावर पेल्याच्या काचेला जो धुरकट थर राहतो तसला पांढरा. तिनं फोटो बंद केला, परत उघडला. पांढराच होता. चहा थंड झाला आणि ती उठून आत गेली, कारण सुट्टी संपली होती.

शिरूरबाहेर, नगर रस्त्याला लागून असलेल्या त्या संशोधन संस्थेत हसीना अकरा वर्षं कामाला होती. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. आणि गेली तीन वर्षं अनुपमा मॅडमसाठी पिल्लं धरायची. हे काम तिला मिळालं ते तिच्या बोटांमुळं. पहिल्या दिवसाचं उंदराचं पिल्लू शेंगदाण्याच्या शेंगेएवढं असतं, गुलाबी, आणि कातडी इतकी पातळ की पोटातलं दूध बाहेरून दिसतं. ते दाबलंही जाऊ नये आणि हलूही नये असं धरायला सगळ्यांना जमत नाही. त्याचे डोळे मिटलेले, कान मिटलेले. त्याला जग म्हणजे फक्त मिशा. मॅडम बर्फावर त्याला निपचित करत आणि भिंगाखाली बघत गालावरच्या मिशांच्या एका ओळीची मुळं बारीक तारेनं जाळून टाकत. मग हसीना पिल्लाला तळहातात ऊब देई, त्याच्याच घरट्यातल्या भुशात हलकं घोळवी, म्हणजे आईला परका वास येऊ नये, आणि परत ठेवी. आई हुंगायची आणि पोटाशी घ्यायची. तिला काही कळायचं नाही. प्रत्येक पिंजऱ्यावर एक कार्ड असे आणि त्यावर दिवस लिहिलेला असे: दिवस पहिला, दिवस दुसरा, दिवस तिसरा. पाचव्या दिवसानंतर मॅडम त्या कामासाठी पिल्लांना हात लावत नसत. त्यानंतर मुळं जाळून उपयोग नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. जे आखायचं ते तोवर आखून झालेलं असतं.

आज हसीना कार्डं वाचत होती आणि मनातल्या मनात वेगळेच दिवस मोजत होती. बाळ झालं गुरुवारी. आज चौतिसावा दिवस.

एकदा मॅडमनं तिला मशीनवर डोळा लावायला लावला होता. मोठ्या झालेल्या उंदराच्या मेंदूची पातळ चकती, त्यावर गडद ठिपके, आणि ते ठिपके ओळीत. पाच ओळी. कांद्याच्या वाफ्यात रोपं लावावीत तशा. "हा त्याचा चेहराच आहे," मॅडम म्हणाल्या होत्या. "एका मिशीला एक ठिपका. जशा गालावर, तशाच आत." मग दुसरी काच. तिच्यात चारच ओळी होत्या. मधली ओळ होती तिथं एक सुरकुतलेली रेघ, आणि दोन्ही बाजूंचे ठिपके फुगून त्या रेघेवर आलेले. अनुपमा मॅडम पाबळच्या, शेतकऱ्याघरच्या. त्या म्हणाल्या, "मेंदू कुणाची वाट बघत नाही, हसीनाताई. ज्या मिशीकडून सांगावा आला नाही, तिची जागा शेजारी खातात. आमच्याकडं बांध कोरतात ना, तसं." हसीनाला ते लगेच कळलं होतं, आणि कळल्याचा आनंदही झाला होता, कारण त्याच क्षणी तिला निमोण्याचा मामा आठवला होता.

मामाच्या एका डोळ्यात जन्मापासून फूल होतं. लहानपणी पोरं त्याला पांढऱ्या म्हणायची आणि तो हसायचा. बावीस वर्षांचा झाला तेव्हा शिरूरला डोळ्यांचं शिबिर भरलं आणि त्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सोडायच्या दिवशी आळीतली निम्मी माणसं अंगणात गोळा झाली होती. सात वर्षांची हसीना आईच्या पदराला धरून पुढं उभी होती. डोळा उघडला तर काचेसारखा लख्ख. सगळे वा वा करायला लागले. मग मामानं चांगला डोळा हातानं झाकला आणि नुसत्या त्या नव्या डोळ्यानं समोर बघितलं. बराच वेळ बघत राहिला. आई म्हणाली, "आरं, सांग की काय दिसतंय." मामा म्हणाला, "उजेड हाय. पन कशाचा उजेड हाय ते कळत न्हाई." लोकांनी डॉक्टरला शिव्या दिल्या. मामा मरेपर्यंत तसाच राहिला, एक डोळा चांगला आणि एक डोळा नुसता स्वच्छ. चाळीस वर्षं हसीनाला ती गोष्ट एक कोडं वाटत आली होती, आणि त्या ठिपक्यांच्या काचेवर डोळा लावून ती कोड्यासारखीच सुटली होती: डॉक्टरनं काही चूक केली नव्हती, मामाच्या डोळ्याची आतली जागाच केव्हाची गेली होती. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आता तिला वाटलं, आपल्याला हे माहीत नसतं तर आत्ता आपण फोटो बघून हसत बसलो असतो.

बाटल्या लावून झाल्यावर ती मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "मॅडम, माणसाचं किती दिवस असतं?"

"कशाचं?"

"ह्ये. आखायचं."

मॅडमनं खुर्ची फिरवली. हसीनानं सांगितलं, सांगताना शब्द तिच्या हातातून सुटत होते, टोपडं, फ्लॅश, लाल, पांढरा. दोघी बाहेरच्या खोलीत आल्या. मॅडमनं फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. "मी डोळ्यांची डॉक्टर नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "पण हे लगेच दाखवायला हवं. जन्मतःचा मोतीबिंदू असू शकतो. दुसरंही काही असू शकतं."

"दुसरं काय?"

"ते डॉक्टरांना बघू द्या. किती दिवसांची झाली?"

"चौतीस."

"एकाच डोळ्यात असेल तर पहिले सहा आठवडे फार मोलाचे असतात. नंतरही डोळा साफ करता येतो, पण—"

"पन कशाचा उजेड ते कळत न्हाई," हसीना म्हणाली.

मॅडमनं चमकून तिच्याकडं पाहिलं. "तुम्ही निघा," त्या म्हणाल्या. "पुढचं मी बघते. पुण्यातल्या हॉस्पिटलचा नंबर पाठवते."

गेटबाहेर येऊन तिनं बुशराला फोन लावला. बुशरा म्हणाली, "अम्मी, फ्लॅशचा लाइट हाय तो. काल सासूबाईंना मी म्हनले बी, की डाव्या डोळ्यात काय तरी चमकतंय. त्या म्हनल्या, दुधाचा डोळा हाय, जाईल. आन् आता कुठं जायाचं? चिल्ला व्हायचाय अजून. सहा दिस राहिलेत." मग तिचा आवाज उतरला. "तुला बी दिसलं का?"

"येते मी," हसीना म्हणाली.

अकबरला फोनवर तिनं अर्धंच सांगितलं. एसटी न्हावऱ्याला उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकली आणि वीस मिनिटं हललीच नाही. खिडकीतून उसाच्या चिपाडांचा, डिझेलचा वास येत होता. हसीना हिशेब करत होती. चिल्ला म्हणजे बाळंतिणीचे चाळीस दिवस, घराबाहेर पडायचं नाही. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस. चाळीस घराचे, बेचाळीस डोळ्याचे, मधे दोन दिवस. दोन दिवसांत पुणं गाठायचं, तपासण्या, भूल, ऑपरेशन. नाही जमणार. ट्रॅक्टर हलला, एसटी हलली, आणि तिला वाटलं, या क्षणीसुद्धा, ही एसटी खड्ड्यातून जातेय तेव्हासुद्धा, त्या एवढ्याशा डोक्यात उजवा डोळा बांध कोरतोय. तो दुष्ट नाही. त्याला सांगावा येतोय, तो पसरतोय. मग दुसरा विचार आला, जो ती सकाळपासून दाराबाहेर थोपवून धरत होती: किती पिल्लं? तीन वर्षांत या हातांनी किती पिल्लं धरली? कुणी म्हणेल, त्याचीच ही शिक्षा. तिनं मनात तौबा केली आणि लगेच तिला स्वतःचा रागही आला, कारण अल्ला असा उंदराचा बदला बाळावर काढणारा नसतो, हे तिला कळत होतं. पण चौफुला येईपर्यंत तिनं तळहात मांडीखाली दाबून ठेवले होते. आणि चौफुल्याला आणखी एक आठवलं. अकीक्याला, सातव्या दिवशी नाव ठेवताना, बाळ दोन तास तिच्या मांडीवर होतं. तिनं त्याला हुंगलं होतं, पोटाशी घेतलं होतं. तिला काही कळलं नव्हतं.

दौंडला बुशराचं सासर रेल्वेलाइनच्या अलीकडं, पत्र्याच्या पडवीचं घर. झिशान, जावई, कुरकुंभच्या कंपनीत पहिल्या पाळीला होता आणि एवढ्यात यायचा होता. थोरला नातू बालवाडीतून येऊन झोपला होता. विहीणबाईंनी दारातच तिच्या चेहऱ्याकडं बघून ओळखलं असावं, कारण त्यांनी पाणी दिलं, पण नेहमीसारखं "कशा काय वाट चुकला" म्हटलं नाही. या घरात हिंदी-मराठीची खिचडी चाले, पण विहीणबाई मनातलं बोलायच्या ते मराठीतच. "त्या फोटोपायी आलात व्हय?"

"व्हय."

"बारक्या जिवाचे डोळे असतात तसले. आन् असलंच काय, तर मोठी झाली की करू ऑपरेशन. येवढुशा डोळ्याला सुरी लावायची? काळीज हाय का न्हाई मानसाला?"

"मोठी झाल्यावर उपेग न्हाई, विहीणबाई. डोळा साफ व्हईल, पन आतली जागा जाते."

"कुनी सांगितलं?"

हसीनानं पाण्याचा पेला खाली ठेवला. विहीणबाई म्हणाल्या, "आपा, तुमी उंदरांत काम करता. उंदराचं मानसाला लावू नका. आमच्या घरान्यात असलं कुनाला न्हाई."

पडदा सारून बुशरा बाळाला घेऊन बाहेर आली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोळ्याखाली काळं झालं होतं. हसीनाला कळत होतं की आता जे बोलायचं त्याची किंमत ही पोरगी चुकवणार. स्थळ जमवताना विहीणबाईंनी विचारलं होतं, घरात कुणाला काही आजार, काही व्यंग? आणि हसीनानं, तेव्हा मामा जाऊन वर्षही झालं नव्हतं, म्हटलं होतं, काही नाही. एका पाहुण्यानं मामाचं नाव काढलं तेव्हा तिनंच घाईघाईनं विषय बदलला होता. सात वर्षं ते तसंच पडून होतं. एक गाडी धडधडत गेली आणि पत्रा थरथरला. गाडी जाईपर्यंत थांबावं लागलं, आणि त्या थांबण्यात तिचा धीर जवळजवळ सुटला.

"आमच्या घरात हाय," ती म्हणाली. "माझ्या सख्ख्या मामाला होतं. जन्मापासनं."

बुशरानं मान वर केली.

"लग्नाच्या येळी न्हाई सांगितलं ह्ये," विहीणबाई म्हणाल्या.

"न्हाई सांगितलं." मग तिनं सगळं सांगितलं, शिबिर, अंगण, लख्ख डोळा, आणि मामा काय म्हणाला ते. आणि उंदरांचंही. मी माझ्या हातांनी धरते, ती म्हणाली, पाच दिवसांच्या आत केलं तर जागा जाते, मग काही केल्या येत नाही. मी ती गेलेली जागा बघितली आहे. "तुमी मला काय बोलायचं ते बोला. पोरीला बोलू नका. तिला ठावं नव्हतं."

विहीणबाई बुशरापाशी गेल्या. त्यांनी तिच्याकडून बाळ घेतलं, दाराच्या उजेडात चटईवर बसल्या, आणि आपला जाड, हळदीनं पिवळा झालेला हात बाळाच्या डाव्या डोळ्यावर धरला. बाळ त्यांच्या तोंडाकडं टुकुटुकु बघत राहिलं. त्यांनी हात उचलला आणि उजव्या डोळ्यावर धरला. बाळानं मान झटकली. त्यांनी हात तसाच सरकवत ठेवला. बाळ हातपाय झाडून रडायला लागलं. हात काढला, रडणं थांबलं. परत डाव्यावर धरला, बाळ शांत. परत उजव्यावर. चार वेळा त्यांनी तसं केलं, आणि पाचव्यांदा नेलेला हात अर्ध्यावरूनच मागं घेतला. "या अल्ला," त्या म्हणाल्या, "तिला अंधार पडतोय." मग बुशराकडं बघून ओरडल्या, "बघतीस काय? झिशानला फोन लाव. गाडी घिऊनच ये म्हनावं."

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, मोतीबिंदूच आहे, मागं गाठबिठ दुसरं काही नाही. हसीनानं तेव्हा कुठं श्वास सोडला, आणि लगेच परत धरला, कारण अडतिसाव्या दिवशी बाळाला सर्दी झाली आणि भूल देणाऱ्यांनी नकार दिला. छाती मोकळी होईपर्यंत थांबा, म्हणाले. एकोणचाळीस, चाळीस. चिल्ला हॉस्पिटलच्या बाकावर पूर्ण झाला. बुशरानं तिथंच, बेसिनपाशी, चाळिसाव्या दिवसाची अंघोळ म्हणून डोक्यावरून पाणी घेतल्यासारखं केलं आणि ओल्या हातानं तोंड पुसत बसली. त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. एक दिवस उशीर झाला, असं हसीना म्हणाली, तर डॉक्टरीणबाई हसल्या. "असा घड्याळासारखा दरवाजा बंद होत नाही हो. पण खरं काम आता तुमचं. भिंगाचा चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी. वर्षानुवर्षं. किती दिसेल ते आज मला सांगता येणार नाही." झिशाननं खालच्या आवाजात विचारलं, हे घराण्यातनं येतं का. एका डोळ्यातलं सहसा नाही, त्या म्हणाल्या. विहीणबाईंनी ते ऐकलं, पण हसीनाकडं पाहिलं नाही.

कामावर परतल्यावर अनुपमा मॅडमनं विचारलं, पिल्लं धरायचं काम दुसऱ्या कुणाला देऊ का. हसीना बराच वेळ हातमोजे चढवत राहिली. नको म्हणाली. दुसऱ्या कुणाची बोटं दाबतील. पहिल्या दिवशी तिनं पिल्लू तळहातात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरलं, इतकंच.

मग महिन्यामागून महिने दर दुसऱ्या रविवारी ती दौंडला जाऊ लागली. पट्टीचं काम विहीणबाईंनी स्वतःकडं घेतलं होतं. रोज चार तास. बुशरा रडायची, बाळ पट्टी ओरबाडायचं, शेजारणी म्हणायच्या चांगला डोळा कशाला झाकता. विहीणबाई कुणाचं ऐकत नसत. पट्टी लावली की बाळ गप्प बसायचं, जाड भिंगामागून डावा डोळा मोठा दिसायचा, माशासारखा, आणि तो बघत असे की नुसता उघडा असे हे कुणालाच सांगता यायचं नाही. बाळ खुळखुळ्याकडं वळे. पण खुळखुळा वाजतो. दुधाच्या वाटीकडं वळे. वाटीला वास असतो. हसीना दर खेपेला काहीतरी करून बघायची, बोट हलवायची, हळूच बाजूला सरकायची, आणि दर खेपेला मनात म्हणायची की तिला चाहूल लागली असेल, वारा लागला असेल. मामाचा विषय त्या दिवसानंतर विहीणबाईंनी एकदाही काढला नव्हता. काढतील याची भीती तिला उंबऱ्यावरच गाठायची आणि परतीच्या एसटीत बसेपर्यंत सोडायची नाही.

अशाच एका रविवारी, बाळ दहा महिन्यांचं असताना, दुपारी, तिला पांढऱ्या चादरीवर बसवलेलं होतं. पट्टी लावून तासभर झाला होता. विहीणबाई शेंगा फोडत होत्या. बुशरा आत कपडे घडी करत होती. पडवीच्या कोपऱ्यातून एक काळा मुंगळा चादरीवर चढला. हसीनानं त्याला झटकायला हात पुढं केला आणि हात तिथंच थांबला. मुंगळ्याला आवाज नसतो. वास आला तरी बाळाला काय कळणार. तो बाळाच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबला, मग तिरका चालू लागला. बाळाची मान हलली. हसीनाला वाटलं, उगाच हलली असेल. बाळ पुढं वाकलं, एक हात टेकवला, दुसऱ्या हाताचं एक बोट काढलं आणि चादरीवर ठेवलं. मुंगळा तिथं नव्हता. दोन बोटं पलीकडं होता. बाळानं बोट उचललं, परत ठेवलं. आता एक बोट अलीकडं.

"अगं बाई, मुंगळा!" विहीणबाई उठू लागल्या. "आपा, झटका की!"

"थांबा," हसीना म्हणाली. "विहीणबाई, थांबा."

विहीणबाई अर्धवट उठलेल्या तशाच राहिल्या. मुंगळा वळला. बाळही वळलं. तिसऱ्यांदा बोट खाली आलं ते नेमकं त्याच्यावर, आणि तो चावला.

बाळानं असा टाहो फोडला की बुशरा धावत बाहेर आली. विहीणबाईंनी बाळाला उचललं, बोट तोंडात घालून चोखलं, आणि "कसली नानी हाय का कोन" असं बरंच काही एका दमात बोलल्या. हसीना चादरीवर तशीच बसून राहिली. आणि आपण रडतोय हे तिला ओढणी ओली लागली तेव्हा कळलं. बाळाला खांद्यावर थोपटत विहीणबाई पडवीत दोन फेऱ्या मारून आल्या. मग तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि खाली चादरीकडं बघत म्हणाल्या, "आपा, तिसऱ्या टायमाला गावला न्हवं का तिला?"

"तिसऱ्याच," हसीना म्हणाली.